धुम्मस उचलण्याआधीचा श्वास

४ मार्च

टाचणे,

आशीर्वाद घे. नेहमीचेच आहेत, पण अजून विटलेले नाहीत.

अक्षर बघून दचकू नकोस. लिहिणारी तुझी आईच आहे. या घरात लिहिता येणारी माणसं दोन. तुझ्या बापाचं अक्षर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं, आणि तो माझं बोलणं मध्येच सुधारतो. ही सुधारत नाही. मी बोलते तेवढंच लिहिते आणि थांबते. तिचं तुझ्याशी बोलणं नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे बोलणं तिचं नव्हेच, माझं आहे. तिचा फक्त हात. हाताने काही तुझ्याशी अबोला धरलेला नाही.

तू म्हणशील, आजी, फोन का करत नाहीस? फोनवर मला ऐकू येत नाही. असं तुला कळवलेलं आहे, तेच धरून चाल.

तुझं पत्र हिने वाचून दाखवलं. मी अंगठाबहाद्दर, त्यामुळे तुझी पत्रं या घरात मोठ्याने वाचली जातात, हे लिहिताना ध्यानात ठेवत जा.

तू पाठवलेली यंत्रवाली आली होती. पोरगी चांगली आहे, खाते मात्र चिमणीएवढं. तिने माझ्या गळ्याला पट्टा बांधला, कुत्र्याला बांधतात तसा. साखळीच्या जागी वायर. 'आजी, आ म्हणा.' म्हटलं आ. 'आता ई म्हणा.' म्हटलं ई. जन्मभर एवढं आज्ञाधारक मी लग्नाच्या दिवशीही वागले नव्हते. मग दवाखान्यात नेऊन नाकातून बारीक नळी घातली. मी म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसलं, त्याची ही परतफेड. पडद्यावर माझा गळा दिसला. आत दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडतात आणि मिटतात. एवढ्याशा पट्ट्यांवर मी अख्खी रांग चालवत होते? मला वाटत होतं आत काहीतरी भक्कम असेल.

घरी परतल्यावर तिने विचारलं, "आजी, धुम्मस म्हणजे काय?" तू तिला काहीच सांगितलं नव्हतंस वाटतं. मी तिला पाण्याने भरलेला कॅन उचलायला लावला. म्हटलं, याहून जड लाकडी ठोकळा, त्याला उभा दांडा. दोन्ही हातांनी उचलायचा आणि सोडायचा. इमारतीच्या जोत्यात भरलेली माती त्याने ठोकून दगडासारखी करायची. बायांच्या दोन रांगा, पाठीला पाठ. एक रांग धुम्मस उचलते तेव्हा दुसरीचं खाली टेकलेलं. उचलणारीला गाता येत नाही, कारण जड उचललं की गळा आपोआप दार लावून घेतो. म्हणून टेकलेली रांग गाते, उचलणारी गप्प. मग उलट. गाणं असं या रांगेतून त्या रांगेत फिरतं.

दार लावून घेतो, हे तिला एकदम पटलं. पट्टा बांधून पुन्हा कॅन उचलायला लावला आणि कागदावर रेघ दाखवली. उचलताना रेघ सपाट. "आजी, खरंच बंद होतो!" मी म्हटलं, बाई, मी खोटं कशाला सांगू, गळा माझाच आहे.

मग मी माझी ओळ म्हटली. 'माती गं बसली, वर कुणाचं घ—' आणि थांबले.

ती वाट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, शब्दाच्या मध्येच दम संपतो का?"

"दम नाही संपत. शब्द संपतो. उरलेला माझ्याकडे नाहीच."

"मग कुणाकडे आहे?"

शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं, ते एकदम जोरात चालायला लागलं. पोरगी हुशार. उठून दारात गेली. तुझ्या आईने मान वर न करता सांगितलं, "मला उद्या पडदे द्यायचेत."

पडदे खरंच होते, असंही लिहायचं म्हणते. होते. पण त्या गिऱ्हाइकाच्या खिडक्या कुठे पळून जात नव्हत्या.

तर आमच्या गाण्यावर तू जे पुस्तक लिहितेयस, त्याची परिस्थिती ही अशी आहे. अर्धं गाणं माझ्याकडे. उरलेल्या अर्ध्याची मालकीण हे पत्र लिहितेय. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आजी, पट्ट्या ठीक आहेत, भाता जुना झालाय. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मला आता विश्रांती लागते. घाई कर असं मी म्हणत नाही. उशीर करू नकोस एवढंच.

तुझी आजी
(अंगठा खाली आहे. शाई जरा जास्त लागली.)


१९ मार्च

टाचणे,

तू विचारलंस, दुसऱ्या रांगेसाठी दुसरी कुणी बाई मिळेल का.

हे वाक्य हिने कुठेही न अडखळता वाचलं. मीच अडखळले, ऐकताना.

दुसरी कोण मिळणार? रांगेतली जाडी गेली. नकटी मुलाकडे असते, तिला स्वतःचं नाव आठवत नाही, गाणं कुठून आठवणार. बाकीच्या पांगल्या तेव्हाच, जेव्हा पेट्रोलवर चालणारा ठोक्या आला. तो एकटाच ठोकतो आणि एकटाच बोंबलतो, त्याला रांग लागत नाही. आम्ही मुकादमाला विचारलं होतं, याला गाता येतं का? तो म्हणाला, याला पगारही लागत नाही. विषय तिथेच संपला.

यंत्रवालीला मात्र तुझा निरोप पोचला होता. ती म्हणाली, "आजी, दुसरी रांग मी म्हणून बघते, मी गाणं शिकलेय." शब्द मी सांगितले. '—र, आपल्याला काय त्याचं.' तिने म्हटले. काय गोड गळा गं तिचा! मधात बुडवून काढल्यासारखा. सूर अगदी जिथल्या तिथे.

आणि माझं काही जमेना. ती ओळ संपवायची आणि मी पुढची उचलायला हमखास चुकायचे. कधी तिच्या अंगावर आदळायचे, कधी नुसती आ वासून बसायचे. ती म्हणायची, असू दे आजी, पुन्हा. पुन्हा तेच. मला वाटलं, संपलं आपलं. जी गोष्ट झोपेतही जमायची ती गेली. तिला सांगितलं, तुझं काही चुकत नाही, मीच म्हातारी झाले. ती बिचारी 'नाही हो, नाही हो' करत होती, पण वहीत काहीतरी लिहून घेतलंच तिने.

एक गोष्ट मात्र मी ऐकली. शेजारच्या खोलीतलं शिलाई मशीन. यंत्रवालीची ओळ संपली की मशीन थांबायचं. क्षणभरच. मग पुन्हा चालू. पुढची ओळ संपली, पुन्हा थांबलं.

धागा तुटत होता, असं तुझी आई म्हणते. लिही गं, तेही लिही. धागा तुटत होता. गाण्यात एकाच जागी तुटणारा धागा मी पहिल्यांदाच बघितला. कोणत्या दुकानातला आहे ते विचारून ठेवते.

आता दुसरं. मला त्या सभागृहातल्या दिवसाचं सांगायचंय. हे म्हटल्याबरोबर तुझ्या आईचं पेन थांबलं.

"अहो आई, हे नको."

"सांगतंय कोण?"

"तुम्ही."

"मग तुझं काय जातंय? तू नुसता हात."

तिने पेन ठेवलं आणि दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेली. दूध गॅसवर नव्हतं. मी बसून राहिले. लिहून घेणाऱ्याला घाई करून चालत नाही. परत आली, पेन उचललं, म्हणाली, "सांगा."

तर. तुझी परदेशी जायची तयारी चालली होती. तू म्हणालीस, जायच्या आधी माझं मोठं भाषण आहे, दोघी या, पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवल्यात. आम्ही ठेवणीतले कपडे घातले. तुझ्या आईने तर स्वतःसाठी नवीन कपडा शिवला होता, ती स्वतःसाठी कधी शिवते का? तुझ्या बापाने जाताना म्हटलं, अरे वा. एवढंच म्हटलं, पण त्याच्या मानाने ते भाषणच.

तू आमची टेप लावलीस. तुला आठवत असेल, मागच्या अंगणात पाण्याचे डबे उचलून आम्ही दोघींनी तुला रांगेचं गाणं गाऊन दाखवलं होतं, तीच. माझ्या आवाजाचं तू फार कौतुक केलंस. मी इकडेतिकडे बघून घेतलं. मग म्हणालीस, आता दुसरा आवाज ऐका. हा न शिकलेल्या गळ्याचा नमुना. आणि गाणं काढून नुसता श्वास लावलास. ओळीच्या शेवटी ती घ्यायची तो. मोठ्या कर्ण्यांतून तो श्वास सभागृहभर आला, सुताराच्या रंध्यासारखा. पुन्हा लावलास. पुन्हा. लोक हसले. हसण्यासारखाच होता, टाचणे, मी खोटं कशाला बोलू. मीही हसले असते, माझ्या शेजारी ती बसलेली नसती तर. तू पण हसलीस.

शेवटी टाळ्या झाल्या. तुझ्या आईनेही वाजवल्या. बसमधून घरी आलो. तिने तो नवा कपडा घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तू फोन केलास आणि म्हणालीस, "आई, ते शास्त्र आहे, मनाला का लावून घेतेस?" तिने फोन तुझ्या बापाच्या हातात दिला. त्याने तुला हवापाणी विचारलं. घरात भांडण झालं की तो पाणी पितो, आणि फोनवर झालं की हवा विचारतो.

तेव्हापासून ती गुणगुणत नाही. पूर्वी मशीनवर बसली की काही ना काही चालायचं. आता मशीन तेवढं चालतं.

मी कुणाची बाजू घेत नाही. माझ्या पोटाचं बघणारी ही आहे आणि माझ्या नावाने पुस्तक लिहिणारी तू. अशा माणसाने बाजू घेऊ नये.

आजी


११ एप्रिल

टाचणे,

तुझं जाड पाकीट पोचलं. तिकिटं इतकी लावलीस की पत्ता शोधावा लागला.

आधी वाचन कसं झालं ते ऐक. आकडे आले तशी तुझी आई ते मापं वाचल्यासारखी वाचायला लागली. गिऱ्हाइकाला वाचून दाखवते ना, छाती इतकी, खांदा इतका, बाही इतकी, तशी. मला काही कळेना. मी म्हटलं, कुणाचा झगा शिवतेय ही? ती म्हणाली, "थांबा, पुढे सांगितलंय."

पुढे सांगितलेलं मला समजलं ते असं. बरोबर आहे का बघ. यंत्रवालीने तुला कळवलं की तिच्याबरोबर मला ओळ उचलता येत नाही. तुला ते खटकलं. म्हणून तू तीच जुनी टेप पुन्हा काढलीस आणि माझी प्रत्येक ओळ कधी सुरू होते ते मोजलंस. तर प्रत्येक ओळ तुझ्या आईच्या श्वासाला धरून निघते. तिचा श्वास लांबला तर मी थांबलेय. लवकर आला तर मी लवकर. मग तू यंत्रातून तिचे सगळे श्वास पुसून टाकलेस आणि ते गाणं तिथल्या लोकांना ऐकवून म्हणालीस, पुढची ओळ कधी येईल तिथे टाळी द्या. एकाचीही टाळी जागेवर पडली नाही. श्वास परत घातलेस, सगळ्यांची पडली. शिकलेले गळे श्वास चोरून घेतात, तसंच शिकवतात त्यांना. म्हणून यंत्रवालीच्या मधात माझी माशी अडकली.

त्यापुढे एक वाक्य होतं. तिथे तुझी आई थांबली. म्हणाली, अक्षर लागत नाही. तुझं अक्षर टाइप केलेलं आहे, टाचणे. मला वाचता येत नाही, पण टाइप केलेलं ओळखू येतं.

मी म्हटलं, "लागेल तसं वाच."

तिने वाचलं. 'आजी, रांगेची पुढारीण तू नव्हतीस. आई होती.'

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. या वेळी अक्षर नीट लागलं.

आता माझं ऐक. उमेदीची सगळी वर्षं मी पुढारीण म्हणून मिरवले. मुकादम मला नमस्कार करायचा. ठेकेदार नवीन काम घेताना विचारायचा, ती बाई येणार आहे ना? तुझ्या आजोबांना मी जेवताना सांगायचे, आज माझ्या गळ्यावर जोतं भरलं. आणि तू सात समुद्रांपलीकडून एक ओळ टाइप करून माझं पुढारीपण काढून सुनेला दिलंस! घराची किल्ली दिली होती तिला, तेवढ्यावर भागलं नाही का? इतकी वर्षं मला वाटत होतं गाडी मी ओढतेय. निघालं असं की मी टपावर बसले होते.

दुपारचं ताट मी तसंच परत पाठवलं. संध्याकाळी तुझा बाप म्हणाला, आई, बरं नाही का? म्हटलं, मला खुर्चीवरून उतरवलंय, जरा वेळ लागेल.

मग तुझ्या आईला विचारलं, "तुला ठाऊक होतं का गं हे?"

ती काजं करत होती. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "मुद्दाम घ्यायचे मी. मोठ्याने."

"मुद्दाम?"

"खडी फोडायचं यंत्र शेजारी चालायचं. तुम्हाला आमच्या ओळीचा शेवट ऐकूच यायचा नाही. पाठीला पाठ, दिसायचंही नाही. तुम्ही अंदाजाने उचलायच्या. मी नवीन होते. पहिल्या आठवड्यात लक्षात आलं. धुम्मस उचलायच्या आधी श्वास तर घ्यावाच लागतो, मग म्हटलं मोठ्याने घ्यावा. पाठीला लागून असल्यावर श्वास कळतो."

"मग मला सांगायचंस ना, की ऐकू येत नाही तुम्हाला."

"नवी सून सासूला सांगणार? पुढारणीला?" ती म्हणाली. "आणि सांगितलं असतं तर पटलं असतं?"

टाचणे, नसतं पटलं.

हे मी सांगतेय आणि ती लिहितेय. लिहिताना हसतेय. मला अक्षर कळत नाही, पण पेन थरथरलेलं दिसतंय.

आता तुला एक विचारते. एवढं मोजलंस, एवढं लिहिलंस, आणि त्या सभागृहातल्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. आकड्यांनी माफी मागता येते का, ते मला माहीत नाही, मला आकडे येत नाहीत. म्हणून तुझ्या आईलाच विचारलं. ती म्हणाली, "आकडे बरोबर आहेत." हे कशाचं उत्तर ते तुझं तू ठरव.

तू पाठवलेला तो रेघांचा कागद, ज्यात तिचे श्वास लाल रंगात दाखवलेत, तो मला परत हवा होता. मी नसेन पुढारीण, पण ओळी माझ्याच आहेत. शोधला तर सापडेना. तो तिच्या शिवणाच्या टेबलाच्या काचेखाली आहे. वर मापाची पट्टी ठेवलेली असते, पण लाल रेघा डोकावतात.

हे वाक्य लिहायचं नाही म्हणाली. मग मीही पुढचं सांगायचं नाही म्हटलं. लिहिलं.

आजी, माजी पुढारीण


३० एप्रिल

टाचणे,

पत्र नाही. बरी आहेस ना? इथे सगळं ठीक. माझा खोकला माझ्यापेक्षा आधी उठतो.

टपालपेटी तुझी आई रोज उघडून बघते. वीजबिल आलं तरी उलटसुलट करून बघते. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, म्हणजे खरं असणार.

आजी


२६ मे

टाचणे,

हे काय चालवलंयस? पाकीट आलं आणि त्यावर नाव माझं नाही!

या घरात तुझं टपाल मोठ्याने वाचायची पद्धत आहे. पद्धत मी घातलेली आहे. तुझ्या आईने पाकीट घेतलं, नाव बघितलं, आणि मी समोर बसलेली असताना मनातल्या मनात वाचलं. एक पान. पाठपोट. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "काय म्हणतेय?" तर म्हणाली, "बरी आहे." पाठपोट पानात फक्त 'बरी आहे' लिहायला तू काही ठेकेदाराचा कारकून नाहीस. पण मी विचारलं नाही. नाव तिचं, टपाल तिचं. न वाचता येण्याचा तोटा मला या वयात पहिल्यांदा झाला.

आता तुला हवी ती बातमी. आम्ही गायलो.

झालं असं. यंत्रवालीची आवाज भरायची पेटी गेल्या खेपेपासून आमच्याच फडताळावर आहे. नेआण करायला जड म्हणून ठेवून गेली. कुठलं बटण दाबायचं ते मला पाठ आहे, लाल. दुपारी वीज गेली. तुझ्या आईचं मशीन पायाचं, त्याला विजेचं काय, पण पंखा बंद झाला म्हणून ती माझ्या खोलीत खिडकीपाशी येऊन बसली. मी पलंगावर. इकडचं तिकडचं बोललो. तुझ्या बापाचे शर्ट कॉलरलाच का विरतात, वगैरे.

मग ती फडताळाकडे बघून म्हणाली, "ती पेटी बंद आहे ना?"

"बंद आहे."

"नक्की?"

"वायर काढून दाखवू?"

"दाखवा."

मी उठले, वायर काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती बोटाभोवती गुंडाळून बाजूला ठेवली, जशी दोऱ्याची रीळ ठेवते. मग उठली आणि माझ्याकडे पाठ करून, माझ्या पाठीला पाठ लावून पलंगाच्या कडेला बसली. कणाच टेकला. हाडं झालीत आता दोघींची, टोचतात. मी म्हटलं, "उचलायचं काय?" ती म्हणाली, "काहीतरी." मी उशी घेतली. तिने पाण्याचा तांब्या घेतला. जोतं काही त्याने भरलं नसतं.

'माती गं बसली, वर कुणाचं घ—'

'—र, आपल्याला काय त्याचं.'

आणि मग तो श्वास. रंध्यासारखा. माझ्या पाठीत शिरला म्हण. मी पुढची ओळ उचलली तेव्हा उचलतेय हे मला कळलंसुद्धा नाही. त्या यंत्रवालीसमोर आ वासून बसणारी ती मीच ना? सगळ्या ओळी आल्या. मधल्या दोन मी विसरले होते, त्याही मागून आल्या. एकदा मी मुद्दाम थांबून बघितलं, तुझे आकडे खरे की खोटे. ती श्वास घेऊन थांबली, आणि मला राहवेना. आकडे खरे आहेत. माझी खुर्ची गेली ती गेलीच.

फार चांगलं झालं असं समजू नकोस. माझा भाता अर्ध्यात फुटला, खोकला लागला. तिचा आवाज इतक्या दिवसांनी काढल्यामुळे गंजलेल्या कडीसारखा. तांब्यातलं पाणी चादरीवर. वीज आली, पंखा सुरू झाला, ती उठून मशीनवर गेली.

तुझ्याकडे यातलं काहीही नाही. पेटी बंद होती. पण तिच्या पोटात बॅटरी आहे, वीज नसली आणि वायर काढली तरी ती चालते. मी बटण दाबलं असतं तर तुझ्या आईला कळलंही नसतं, आणि तुझं पुस्तक पुरं झालं असतं. लाल बटण माझ्या हाताशी होतं. नाही दाबलं. मागच्या वेळी तिचा श्वास तिला न विचारता कर्ण्यांत घातला गेला. एकदा झालं ते शास्त्र. पुन्हा झालं असतं तर त्याला दुसरं नाव आहे.

तुला गाणं हवं असेल तर ये. कान घेऊन ये. आणि विचारायचं ते मला विचारू नकोस, मी आता रांगेतली एक साधी बाई आहे. पुढारणीला विचार. उशीर करू नकोस, हे आधी सांगितलंय, पुन्हा सांगत नाही. उशी होती म्हणून उचलली, तांब्या मला जमला नसता.

माझं सांगून झालं. अंगठा लावते. पानाची मागची बाजू कोरी राहतेय, ती तशीच पाठव म्हटलंय हिला. कागद फुकट गेला तर गेला. त्यावर कुणी काही लिहिलं तर ते मला वाचून दाखवायचं नाही, आणि मला वाचता येत नाही. तुमचं तुम्ही बघा.

आजी


टाचणी,

हे त्यांनी सांगितलेलं नाही.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, त्या म्हणतायत तसं. खरं तर जास्त वेळा. तू लिहिलंस तसं तू त्या दिवशी हसली होतीस, ते मी बघितलं होतं. तू ते लिहिलंस, बास.

येताना यंत्र आण. टेप कर. मी श्वास मोठ्यानेच घेणार आहे. तो कापायचा नाही.

त्यांचा खोकला त्या सांगतात त्याहून वाईट आहे. लवकर ये.

अहो आई पलंगावरून विचारतायत, "मी केव्हाची गप्प आहे, मग पेन कसलं चालतंय?"

पत्ता लिहितेय, असं सांगितलंय.